काच नंतर, आधी लोखंड बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे शिक्षकाच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले आणि मुंबईचं बिऱ्हाड आवरून गावच्या कौलारू घरात राहायला आले. वडिलांच्या मागे राहिलेल्या बऱ्याच तबकड्या घरात आहेत. काही जुन्या, जाड 78च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या), बाकी एलपी, नाट्यसंगीत जास्त. वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओग्राम (एकाच कपाटात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर) कधीच भंगारात गेला, पण त्याचा ‘गोड, भरलेला’ आवाज अजून कानात आहे. म्हणून वापरलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घ्यायचा विचार आहे. दोन समोर आहेत. पहिला मुंबईच्या विक्रेत्याकडचा, 1960च्या दशकातला जपानी, ईएल84 व्हॉल्व्हचा, चॅनेलमागे 10 वॅटचा. ‘एकदम ओरिजिनल, आजवर कोणी उघडलेला नाही’ असं विक्रेता सांगतो, 90 हजार मागतो आणि पार्सलने पाठवतो म्हणतो. दुसरा कोल्हापुरातल्या एका हौशी गृहस्थांकडचा, 12 वर्षं वापरलेला चिनी बनावटीचा, ईएल34चा, 35 वॅटचा, 60 हजारांना. खोली 12 बाय 14 फुटांची, स्पीकर 86 डेसिबलचे (एका वॅटला, एक मीटरवर मोजलेला आवाज), 8 ओहमचे. पत्नी म्हणते, “पावसात टीव्ही टिकणा नाय, ह्यो खंय टिकतलो?” पत्रलेखकांचा कल जपानी ॲम्पकडे आहे, वॅट कमी पडतील का, एवढीच शंका आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत निर्णय हवा आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्नीच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सबंध पत्रातला सगळ्यात नेमका तांत्रिक प्रश्न त्यांचाच आहे. तुम्ही तो विरोध म्हणून सांगितलात. मला तो खरेदीचा पहिला निकष वाटतो. कोणता ॲम्प जास्त चांगला वाजतो, हा प्रश्न पुण्यातल्या माणसाने आधी विचारला तर चालेल. खारा वारा, चार महिन्यांची ओल, वरखाली होणारा वीजदाब आणि हाकेच्या अंतरावर मेकॅनिक नाही, अशा घरात आधी विचारायचं ते हे : कोणता टिकेल, आणि बिघडला तर कोण उघडेल?

या प्रश्नाने बघितलं की ‘आजवर कोणी उघडलेला नाही’ हे वाक्य वेगळं ऐकू येतं. साठ वर्षांच्या व्हॉल्व्ह ॲम्पमधले मोठे फिल्टर कंडेन्सर, म्हणजे वीज गुळगुळीत करणारे ते डबे, आतून सुकलेले असतात. त्यांचं वय साधारण पंधरा-वीस वर्षांचं धरतात. त्याहून वाईट म्हणजे टप्प्याटप्प्याला जोडणारे छोटे कागदी कंडेन्सर. कागद ओल शोषतो, मग कंडेन्सरमधून डीसी गळायला लागतो आणि तो पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, जाऊन बसतो. व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते, व्हॉल्व्ह जातो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतो. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत ॲम्प दोन मिनिटं छान वाजतो, कारण हे सगळं घडायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो.

तेव्हा न उघडलेला जुना ॲम्प म्हणजे दुरुस्तीचा सगळा खर्च अजून व्हायचा आहे असा ॲम्प. तो घेऊ नयेच असं नाही. पण त्याची किंमत दुरुस्त केलेल्यापेक्षा कमी हवी, आणि इथे ती जास्त मागितली जात आहे. कपाटात मांडून ठेवणाऱ्या संग्राहकाला आतला मूळ कंडेन्सर मोलाचा वाटेल. तुम्हाला रोज संध्याकाळी गाणं ऐकायचं आहे.

मग जुन्या ॲम्पमध्ये पैसे कशाचे द्यायचे? लोखंडाचे. मागच्या बाजूला जे तीन जड ठोकळे दिसतात, एक पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, तेच त्या वस्तूचं खरं धन. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी थराथराने, एकात एक घालून केलेली असते. ती जळली तर मोटारीचं वाइंडिंग करणारा माणूस ती तशीच परत भरून देईल याची खात्री नसते. उलट चमकणाऱ्या काचा, ज्यांच्यावर आपला जीव जडतो, त्या झिजून बदलायच्याच असतात. ईएल84, ईएल34, ईसीसी83 हे प्रकार आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये नव्याने बनतात आणि भारतात मागवता येतात. जुनी गाडी घेताना आपण टायर बघून भाव ठरवत नाही, तसंच हे. ‘जुने दुर्मीळ व्हॉल्व्ह आहेत’ म्हणून कोणी दहा-पंधरा हजार जास्त सांगत असेल, तर ते व्हॉल्व्ह त्यालाच ठेवू द्या. आणि ज्यात आज कुठेच न बनणारा व्हॉल्व्ह आहे, तो ॲम्प कितीही देखणा असला तरी किनाऱ्यावर आणू नका.

आता वॅट. तुमची शंका रास्त आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. 10 वॅट आणि 35 वॅट यांत फरक साडेपाच डेसिबलच्या आतबाहेर. जाणवेल, पण थक्क करणार नाही. उलट 86 डेसिबलचे स्पीकर बदलून 92 डेसिबलचे घेतलेत, तर 10 वॅटचा ॲम्प 40 वॅटसारखा वागेल. वापरलेले, मोठ्या खोक्याचे, 90च्या वरचे स्पीकर मिळतात, आणि त्यांना कंडेन्सर बदलण्याची कटकट फारशी नसते. किनाऱ्यावर एवढं बघायचं की स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम हाताला भुगा होऊन लागत नाही ना. कापडी किंवा रबरी कड असेल तर उत्तम. 12 बाय 14च्या खोलीत नाट्यपद ऐकायला 10 वॅट पुरतात. खोली पडवीकडे उघडी असेल आणि तुम्हाला अंगणात बसून ऐकायचं असेल, तर मात्र 35कडे झुकावं.

तुम्ही ‘गोड, भरलेला आवाज’ असं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. तो आवाज व्हॉल्व्हचा होता असं तुम्ही धरून चालला आहात. थोडा होताही. पण रेडिओग्राममध्ये एक मोठा कागदी कोनचा स्पीकर असायचा, लाकडी कपाटाएवढं खोकं असायचं, वरचे सूर बरेच कापलेले असायचे आणि सगळं एकाच ठिकाणाहून, मोनोमध्ये यायचं. त्या गोडव्यात या सगळ्याचा वाटा होता. हाय-फायसाठी बनवलेला चांगला व्हॉल्व्ह ॲम्प वेगळ्या हेतूने बनतो. 1947 साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात 15 वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आराखडा छापला, त्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, 0.1 टक्क्याच्या आत होतं. क्वाड, लीक यांसारख्या इंग्रजी कंपन्यांनीही हाच ध्यास घेतला. हे ॲम्प आवाज गोड करत नाहीत, आहे तसा पुढे देतात. तबकडीवर खरखर असेल तर तीही देतात. छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर कोणताही व्हॉल्व्ह ॲम्प लावलात तरी वडिलांचा रेडिओग्राम परत येणार नाही, हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं. त्या आवाजाच्या जवळ जायचं असेल तर मोठ्या कोनच्या स्पीकरवर जास्त खर्च करा, आणि 78 ऐकताना ॲम्पवरचं मोनोचं बटण दाबा.

78चा विषय निघालाच आहे तर : एलपीची सुई त्या तबकड्यांना चालत नाही. 78च्या चरी रुंद असतात, त्यांना साधारण 65 ते 75 मायक्रॉनची सुई लागते. एलपीची त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची असते. बारीक सुई रुंद चरीच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा कचरा जास्त वाजतो. तुमच्या रेकॉर्ड प्लेयरला 78चा वेग आणि वेगळी सुई नसेल, तर खर्चाची सुरुवात तिथून करा. 90 हजारांच्या ॲम्पने जो फरक पडणार नाही तो त्या सुईने पडेल. पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येते म्हणून काहीजण त्या स्पिरिटने पुसतात. एलपीचं एक वेळ निभेल, पण 78 लाखेच्या असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड आणि सावलीत वाळवणं. दोन्ही विक्रेत्यांना हेही विचारा की ॲम्पमध्ये फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर थेट जोडायची सोय, आहे का. साठच्या दशकातल्या जपानी ॲम्पमध्ये बहुधा असतो. अलीकडच्या चिनी ॲम्पमध्ये पुष्कळदा नसतो, आणि मग फोनो प्रीॲम्प वेगळा घ्यावा लागतो.

विजेचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त ॲम्प मरतात. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची. तुमच्या विक्रेत्याने ‘ॲडॅप्टर देतो’ म्हटलं असेल, तो 230चे 100 करणारा ट्रान्सफॉर्मर. तो दाब स्थिर ठेवत नाही, फक्त प्रमाणात उतरवतो. रात्री गावातला लोड कमी झाला आणि घरात 250 आले, की ॲम्पला 109 मिळतात. व्हॉल्व्हच्या हीटरला 6.3 व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. 109वर ते 6.85 होतात, म्हणजे मर्यादेच्या काठावर. शिवाय बाजारात मिळणारे स्वस्त स्टेप-डाउन बरेचदा एकाच गुंडाळीचे असतात, त्यात घरची वीज आणि ॲम्प यांच्यात आडपडदा राहत नाही. दुहेरी गुंडाळीचा, अर्थिंगसकट, निदान 300 व्हीए क्षमतेचा घ्यावा.

कोल्हापूरच्या ॲम्पला यातून सूट आहे असं समजू नका. चीनमध्ये वीज 220 व्होल्टची. मागच्या पट्टीवर फक्त ‘220’ लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे 250 येत असतील, तर हीटरवर 7 व्होल्टच्या वर जातात, आणि हे जपानीपेक्षाही वाईट. काही ॲम्पमध्ये आत 230 किंवा 240चा टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून काढलेलं वेगळं टोक) असतो, तो मेकॅनिककडून जोडून घेता येतो. म्हणून आधी एक साधा मल्टिमीटर घ्या आणि आठवडाभर सकाळी, संध्याकाळी आणि रात्री जेवणानंतर दाब लिहून ठेवा. तो कागद बघितल्याशिवाय स्टॅबिलायझर कुठला घ्यायचा हे दुकानदारही सांगू शकणार नाही. अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने आणलेला ॲम्प घेणाऱ्या वाचकांनी आणखी एक बघावं. त्यावर ‘60 हर्ट्झ’ एवढंच लिहिलेलं असेल, तर आपल्या 50 हर्ट्झवर त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर 20 टक्के जास्त भार येतो आणि तो तापतो. जपानमध्ये निम्म्या देशात 50 आणि निम्म्यात 60 हर्ट्झ असल्याने त्यांचे ॲम्प सहसा दोन्हींवर चालतात, हा जपानी ॲम्पच्या बाजूचा एक मुद्दा.

अर्थिंग. जुन्या घरात दोन पिनांचे प्लग असतील तर आधी ते काम. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं उरतं. विहिरीजवळ किंवा मोरीचं पाणी जिरतं तिथे मीठ-कोळसा घालून खड्डा करून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहा. जुन्या ॲम्पची दोन तारांची वायर काढून तीन तारांची लावून घ्यायची आणि चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, अर्थ द्यायचा. ईएल84च्या ॲम्पमध्ये आत 300च्या आसपास व्होल्ट डीसी असतात, ईएल34च्यात 400च्या वर, आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. त्यामुळे खालचं झाकण तुम्ही स्वतः उघडायचं नाही, मुलानेही नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यायची घाई का, हे मला पत्रातून कळलं नाही. माझ्या मते आपल्याकडे उलट करावं. मेअखेरचे वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, दोन्ही वेळा कडकडाट सोबत असतो. त्या दिवसांत नवी वस्तू भिंतीतल्या प्लगला नकोच. जून ते सप्टेंबर या काळात तुम्ही दाब लिहा, अर्थिंग करा, स्पीकर आणि सुई शोधा आणि मुख्य म्हणजे मेकॅनिक शोधा. मालवण, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात व्हॉल्व्हचे रेडिओ उघडलेले वयस्कर मेकॅनिक कोणी उरले आहेत का, ते विचारा. गोव्यात गिटारवाले अजून व्हॉल्व्हचे ॲम्प वापरतात, ते दुरुस्तीला कुठे देतात याची चौकशी करा. माणूस सापडला तर ॲम्प घ्या. सापडलाच नाही, तर चांगला वापरलेला ट्रान्झिस्टर ॲम्प आणि मोठे स्पीकर घ्या. तुमच्या तबकड्या त्यावरही मन भरेल इतक्या वाजतील. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, दुरुस्ती न होणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पपेक्षा मला ते खरोखर पसंत आहे.

कोल्हापूरला मात्र या महिन्यातच एकदा जाऊन या, फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याने. पैसे न घेता जा, म्हणजे तिथेच व्यवहार होणार नाही. स्वतःची एक ओळखीची एलपी आणि टॉर्च सोबत घ्या. त्यांना सांगा, ॲम्प थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू. सुरू व्हायच्या आधी व्हॉल्व्हचं डोकं बघा : आतून चंदेरी असायला हवं, दुधासारखं पांढरं झालं असेल तर आत हवा शिरली आहे, तो मेला. सुरू झाल्यावर खोलीत अंधार करा. आतला तंतू नारिंगी दिसणार. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ईएल34मध्ये ती असते. पण करड्या प्लेटवर लाल डाग उमटू लागला तर लगेच बंद करायला सांगा. आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. बारीकशी गुणगुण चालेल, हातभर अंतरावरून ऐकू येणारी हम चालणार नाही. पेन्सिलीने छोट्या व्हॉल्व्हना हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून टण्ण आवाज आला तर तो व्हॉल्व्ह बदलायचा आहे, त्याचे पैसे भावातून वजा. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवताना चरचर होते का ते ऐका. मग तासभर वाजू द्या आणि गप्पा मारा. किती तास वापरला, व्हॉल्व्ह कधी बदलले, बायस (पॉवर व्हॉल्व्हचा करंट) कोण लावून देतो, हे सगळं त्या तासात कळतं. तासानंतर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या झाकणावर हात ठेवून बघा. गरम असणारच, पण हात ठेवताच येत नसेल किंवा जळक्या वॉर्निशचा वास येत असेल, तर चहा पिऊन परत या. एका बाजूला आवाज कमी वाटला तर डावे-उजवे व्हॉल्व्ह, थंड झाल्यावर, अदलाबदल करून बघा. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर स्वस्तात सुटलात, तिथेच राहिला तर दोष आत आहे. आणि स्पीकरची वायर न जोडता ॲम्प चालू करू नका, कोणाला करूही देऊ नका; आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानेच फुटतो.

घरी आणल्यावर त्याची जागा समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, आणि कौलांचं पाणी कधी गळलं होतं त्या वाशाखाली नको. पावसाळ्यात तो कपाटात बंद करून ठेवू नका; दिवसाआड तासभर वाजवलात तर त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल उडते. महिनाभर बंद राहिला असेल, तर आधी ॲम्प खातो त्याहून जास्त वॅटचा, साधा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये (ॲम्पला जाणाऱ्या विजेच्या वाटेत) लावून सुरू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि ॲम्पऐवजी तो करंट बल्बने झेलला. थंड झाल्यावर वरून सुती कापड टाका, प्लास्टिक नको. चेसिसच्या तळाच्या भोकांना बारीक जाळी लावून घ्या. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात आणि 400 व्होल्टवर पाल पडली तर फक्त पाल मरत नाही. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. ईएल34चा ॲम्प गाणं नसतानाही दीडशे-दोनशे वॅट खात बसतो, हेही वीजबिलात धरा.

अशाच दुसऱ्या एका खरेदीबद्दल इतर वाचकही विचारत असतात. देवळात, मंडळात किंवा दशावताराच्या कंपनीत पूर्वी वापरलेला भोंग्याचा व्हॉल्व्ह ॲम्प स्वस्तात मिळतो, तो घरी चालेल का? त्याचं आउटपुट बहुधा 100 व्होल्ट लाइनचं, म्हणजे लांब वायरने भोंग्यांना पुरवायचं, असतं आणि ट्रान्सफॉर्मर भाषणासाठी केलेला असतो. 4, 8 किंवा 16 ओहमचे टॅप वेगळे दिलेले असतील तरच विचार करा. तरीही खालचे-वरचे सूर कापलेले ऐकू येतील आणि स्टीरिओसाठी दोन लागतील. शिकण्यासाठी ठीक, रोज ऐकण्यासाठी मी घेणार नाही.

तुमच्या दोन ॲम्पपैकी मी कोल्हापूरचा निवडेन, वरच्या तासाभरात तो पास झाला आणि पट्टीवर 230 असेल किंवा तसा टॅप जोडता येत असेल तर. 60 हजारांतले 10-12 हजार भावात सुटतात का बघा, आणि ते पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या जोड्यांसाठी बाजूला ठेवा. रोज दोन तास ऐकलं तर चारेक वर्षांनी त्या लागतील. आणताना स्वतः गाडीतून आणा. व्हॉल्व्ह काढून, नंबर टाकून, वेगळ्या डब्यात. ट्रान्सफॉर्मर जड असतात, घाटातल्या एका धक्क्याने सॉकेटमधला व्हॉल्व्ह तुटतो, आणि म्हणूनच मुंबईहून पार्सलने यायची कल्पनाही मला पटली नाही.

जपानी ॲम्पवर मन अडलंच असेल तर विक्रेत्याला एवढंच कळवा : सगळे इलेक्ट्रोलिटिक (ते फिल्टरचे डबे) आणि कपलिंग (टप्पे जोडणारे) कंडेन्सर बदलून, तीन पिनांची वायर लावून, प्रत्येक व्हॉल्व्हच्या पिनांवरचे व्होल्ट लिहून द्या, मग मी मुंबईत येऊन तासभर ऐकतो आणि 90 हजारांवर बोलू. सुटे भाग त्याला लॅमिंग्टन रोडवर मिळतील. त्याने तयारी दाखवली तर चेसिसच्या तळाचे, उजेडात काढलेले फोटो मागवून मला पाठवा. ट्रान्सफॉर्मरच्या तळाशी मेण किंवा डांबर ओघळलेलं दिसतंय का, ते मी बघून सांगते.